जिग हेडचा साचा घरी करताना कॉलर अर्धवट का येते आणि साचा का फुटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा केला, दोन दिवस उन्हात वाळवला. पहिल्या दोन जिग हेडचं (मासेमारीच्या हुकाच्या, म्हणजे गळाच्या, मानेवर ओतलेलं शिशाचं वजन) डोकं चांगलं आलं पण मागची कॉलर (डोक्यामागे हुकाच्या तारेवर येणारा बारीक भाग, ज्यावर मऊ आमिष अडकतं) अर्धीच भरली, आणि तिसऱ्या वेळी ओतल्याबरोबर फट्कन आवाज येऊन शिसं उडालं, साच्याला तडा गेला. आता सिलिकॉन घ्यावं का सरळ ॲल्युमिनियमकडे वळावं?

आधी डोळे आणि हात ठीक आहेत ना? असतील तर स्वस्तात सुटलात. माझंही एकदा असंच झालं होतं, साचा हाताला कोरडा ठक्क लागत होता, शिसं ओतलं आणि ते आत न जाता नरसाळ्यातून, म्हणजे साच्याच्या ओतायच्या तोंडातून, उलटं वर आलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर तीन टिपके बसले, ते खरवडूनही गेले नाहीत. तो चष्मा मी अजून टाकला नाहीये, ओतकामाच्या डब्यातच ठेवलाय, आता त्याच्यावर पूर्ण तोंड झाकणारी शील्ड पण घालतो.

तर तुमचा आकार चुकलेला नाही. माल बदलून हा प्रश्न सुटणारही नाही, कारण कॉलर न भरणं म्हणजे आत अडकलेली हवा आणि थंड हुक, आणि फट्कन आवाज म्हणजे ओल. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते, आणि शिसं वितळतं ३२७ डिग्रीला, ओततो आपण ३७० ते ४२० च्या दरम्यान, म्हणजे साच्यात एक थेंब जरी दडलेला असेल तरी त्याला बाहेर पडायला एकच रस्ता असतो, तुमच्या तोंडाकडे.

दोन दिवस ऊन दाखवणं म्हणजे वाळवणं नाही. प्लास्टरचं गणित करून बघा म्हणजे पटेल. १०० ग्रॅम पावडरला आपण ६०-७० ग्रॅम पाणी घालतो, त्यातलं फक्त १८-१९ ग्रॅम पाणी पावडर स्वतःत कायमचं बांधून घेते, बाकीचं नुसतं भोकाभोकांत बसलेलं असतं आणि ते सगळं निघून जायला हवं. म्हणजे समजा ३०० ग्रॅम पावडर आणि १९५ ग्रॅम पाणी घेतलं, तर ओला साचा ४९५ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि खरा कोरडा झाल्यावर साडेतीनशे-तीनशे साठवर यायला पाहिजे. जवळजवळ १४० ग्रॅम पाणी उडायचंय! म्हणून मी हात लावून बघत नाही, वजन करतो. साच्याच्या पाठीवर पेन्सिलीने पहिल्या दिवसाचं वजन लिहायचं, मग रोज एक आकडा त्याच्याखाली. आकडा उतरायचा थांबला आणि सलग दोन वेळा तोच आला की झाला कोरडा. माझ्या एका जाड साच्याला बारा दिवस लागले होते, पाठीवर आकड्यांची शिडीच झालीये.

घाई असेल तर ओव्हनमध्ये ५०-६० डिग्रीवर बराच वेळ आणि शेवटी दोन-तीन तास १०० च्या आसपास. त्याच्या वर, १२० च्या पुढे वगैरे नेऊ नका, कारण मग ते बांधलेलं पाणीही सुटायला लागतं आणि साचा खडूसारखा भुसभुशीत होतो. आणि हे नीट वाचा, स्वयंपाकघरातला ओव्हन फक्त कोऱ्या साच्यासाठी, ज्याला शिसं एकदाही लागलेलं नाही. एकदा ओतलेला साचा परत घरच्या ओव्हनमध्ये जाणार नाही. त्याला वेगळी हॉटप्लेट ठेवा. प्लास्टर दमट हवेत परत ओल ओढून घेतं, त्यामुळे मागच्या महिन्यात वाळवलेला साचा आज कोरडा असेलच असं धरू नका, प्रत्येक वेळी बसण्याआधी तासभर तरी गरम करा.

आता त्या बांधलेल्या पाण्याचीच दुसरी खोड. साचा कितीही कोरडा असला तरी साडेतीनशे डिग्रीचं शिसं टेकलं की वरचा पातळ थर थोडं पाणी सोडतोच. म्हणून प्लास्टरच्या साच्यात बारीक बुडबुडे येतात, आणि म्हणूनच त्याच्या कडा काही ओतण्यांनंतर झडतात. मला एका साच्यातून दहा-पंधरा बरे नग मिळतात, पुढे कॉलरवरचे काटे (आमिष धरून ठेवणारी टोकं) गुळगुळीत व्हायला लागतात. मी प्लास्टरकडे कच्ची वही म्हणून बघतो. आकार जमतोय का, पाण्यात जिग सरळ बसते का, एवढं बघायला उत्तम. दातांचे डॉक्टर ठसे भरायला वापरतात तो डेंटल स्टोन मिळाला तर त्याहून बरा, त्याला १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आतबाहेर पाणी लागतं, त्यामुळे घट्ट होतो, कडा टिकतात. फक्त घट्ट असल्यामुळे आतली ओल निघायला वेळ घेतो, वजनाचा नियम त्यालाही आहेच.

साचा करायच्या आधी हुक विकत घ्या, आणि भरपूर घ्या. हे उलट वाटेल पण बहुतेक जण इथेच फसतात. साच्यातली हुकाची खाच ही त्या एका हुकाच्या तारेच्या जाडीची असते. नंबर तोच, २/० म्हणजे २/०, पण कंपनी बदलली की तार जाड-बारीक होते, मान वाकवलेला कोन बदलतो. बारीक तार असेल तर खाचेतून शिसं गळून हुकावर पापुद्रे येतात, जाड असेल तर साचा बंदच होत नाही आणि जोर लावला की प्लास्टर तिथूनच चिरतं. हुक जिग हुकच हवा, म्हणजे मान वर वाकवलेला. साधा सरळ हुक घरी वाकवायला गेलात तर कडक तार बहुतेक तुटते, नाही तुटली तरी तिथे कमजोर होते.

मूळ नमुना मी हुकावरच करतो. दोन भाग मिसळून करतात त्या एपॉक्सी पुट्टीचा गोळा हुकाच्या मानेवर बसवायचा, मागे कॉलर ओढायची, कडक झाली की कानसीने आणि पॉलिश पेपरने आकार द्यायचा. गोल डोकं हवं असेल तर जास्तच सोपं, स्टीलची गोळी माप म्हणून शेजारी धरायची. शिशाची घनता ११.३४, त्यामुळे १० मिमी व्यासाचा गोळा सहा ग्रॅमला जरा कमी, १२ मिमीचा साधारण सव्वादहा, १४ मिमीचा सोळाच्या थोडा वर. व्यासात दोनच मिलिमीटर वाढले आणि वजन कुठल्या कुठे गेलं बघा, म्हणून अंदाजाने जाऊ नका. वेडावाकडा आकार असेल तर, माशाचं डोकं वगैरे, डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा आणि नमुना दोऱ्याला बांधून डोकं बुडेल इतकाच पाण्यात सोडायचा, तळाला टेकवायचा नाही. काटा ०.९ ग्रॅम दाखवत असेल तर आकारमान ०.९ मिली, गुणिले ११.३, म्हणजे शिशात दहा ग्रॅमचं डोकं. बुडालेला हुकाचा तुकडा त्यात धरला जातो पण तो किरकोळ असतो.

मग क्लेच्या पाटावर नमुना अर्धा बुडवायचा. जोडाची रेघ हुकाच्या सपाटीतूनच गेली पाहिजे, म्हणजे साचा उघडल्यावर हुक एका अर्ध्यात आडवा निजलेला दिसेल. इथे घाई करू नका, सगळ्या कामातला अर्धा वेळ मी इथेच घालवतो. क्ले नमुन्याला जिथे भेटते तिथे काटकोनात भेटायला हवी, उतार होऊन वर चढलेली नको. चढली तर प्लास्टर त्या उतारात पातळ जिभेसारखं जातं, ती जीभ पहिल्याच ओतण्याला तुटते आणि मग जिगच्या अंगभर शिवण. मी जुन्या ब्रशची दांडी तासून चपटी केलीये, ती किंचित ओली करून कड फिरवत जातो, भिंगातून बघत. डोक्याच्या सगळ्यात फुगीर जागेवरूनच रेघ जाऊ द्या, खाली-वर गेली की नग साच्यात अडकलाच म्हणून समजा. हुकाची कडीही (दोरा बांधायचं भोक) बघा, काही हुकांची कडी आडवी असते काहींची उभी, आडवी असेल तर दोन्ही अर्ध्यांत तिला सारखी जागा करावी लागते आणि शिसं कडीच्या छिद्रात जाणार नाही अशी घट्ट.

क्लेवर तीन-चार ठिकाणी चमच्याच्या मागच्या बाजूने गोल खड्डे करा, तेच दोन अर्धे जुळवतील. भोवती पुठ्ठ्याची किंवा मुलांच्या प्लास्टिक ठोकळ्यांची भिंत, प्लास्टर आधी ब्रशने नमुन्यावर लावून मग उरलेलं ओता, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. घट्ट झाल्यावर उलटं करा, क्ले काढा, नमुना जागचा हलवू नका. दुसरा अर्धा ओतायच्या आधी साबणाचं घट्ट पाणी तीन हात. व्हॅसलिन चालतं पण थर जाड बसला की ब्रशच्या रेघा जिगच्या गालावर उमटतात. साबण विसरलात तर दोन अर्ध्यांची एकच सुंदर वीट मिळते, माझ्याकडे अशी एक दाराला अडण म्हणून आहे.

आता कॉलरचं बघू. तुम्ही नरसाळं डोक्याच्या वर, कडीच्या जवळ काढलं असेल असा माझा अंदाज आहे, सगळे पहिल्यांदा तसंच करतात. मग शिसं डोकं भरतं आणि कॉलरकडे आडवं वळेपर्यंत गार झालेलं असतं. कॉलर म्हणजे हुकाच्या तारेभोवतीची एक-दीड मिलिमीटरची पोकळी, आत मधोमध थंडगार स्टील. शिसं शिरताच गोठतं आणि पुढची हवा तिथेच कोंडते. छोट्या डोक्यांसाठी मी हनुवटीकडून ओततो, म्हणजे जिग उलटी, नरसाळ्याचा डाग खाली येतो आणि कडीजवळ कटर चालवावा लागत नाही. कॉलर लांब असेल तर मात्र नाक वर, हुक खाली लोंबता ठेवून नाकातून ओततो, तेव्हा कॉलर आधी भरते आणि डोक्याचं वजन वरून दाब देतं. नरसाळं वर चांगलं रुंद ठेवा, डोक्याला मिळतं तिथे चार-पाच मिमी. रुंद नरसाळ्यात साठलेलं शिसं गोठताना डोक्याला लागेल तसं खाली पुरवत राहतं, ते नसेल तर डोक्यावर खळगा पडतो.

हवेसाठी कॉलरच्या टोकापासून आणि काट्यांच्या टोकांपासून साच्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुईने रेघा ओढा. केसापेक्षा थोड्या जाड, पाव मिलिमीटर पुरे. हवा जाते, शिसं जात नाही, त्याचा पृष्ठताण त्याला अडवतो. एका अर्ध्यावरच ओढा आणि एकदम खोल करू नका, ओतून बघा, नाही भरलं तर अजून एक रेघ. वाढवता येते, बुजवता येत नाही. मग दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर साच्याची आतली बाजू धरून पातळ काजळी धरू द्या. हे जुन्या ओतकामातलं आहे आणि खरंच चालतं, काजळीमुळे शिसं भिंतीला लगेच गारठत नाही. हुक साच्याच्या शेजारी हॉटप्लेटच्या कडेला गरम होत ठेवा, चिमट्याने उचला. माझ्या मते तुमची अर्धी कॉलर नुसत्या गरम हुकाने भरेल.

शिशात २ टक्क्यांच्या आसपास कथील घातलं तर ते अजून चांगलं वाहतं आणि बारीक काटे भरतात. अँटिमनीवालं कडक शिसं, चाकाच्या जुन्या वजनांचं वगैरे, जिगला मला आवडत नाही. नरसाळं कापताना ठिसूळ तुटतं, आणि त्या ढिगात हल्ली जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त ४२० ला वितळतं, त्यामुळे आच बेताची असेल तर ती तरंगताना दिसतात, तेव्हाच उचलून टाकायची. विरघळली तर अख्खा घाणा लापशीसारखा होतो आणि काहीच भरत नाही. बॅटरीतलं शिसं अजिबात नको, फुकट मिळालं तरी नको. त्यात ॲसिड असतं आणि इतर धातूंमुळे जीवघेणे वायू निघू शकतात.

सिलिकॉनबद्दल. चांगलं आहे, पण धातू ओतण्यासाठीचं म्हणून मिळतं तेच, आणि डब्यावरचं तापमान वाचून. साधं साच्याचं सिलिकॉन दोनशे-अडीचशेच्या पुढे टिकत नाही, शिसं त्याला जाळतं. उष्णता सहन करणाऱ्या जातीची हद्दही शिशाच्या जवळच असते, त्यामुळे ओतण्यामध्ये वेळ सोडावा लागतो. फायदा असा की ते उष्णता ओढून घेत नाही, म्हणून बारीक आकार पहिल्याच ओतण्यात भरतो, आणि आतून टाल्क पावडर लावून झटकली की अजून छान. ओलीची भीती जवळजवळ नाहीच. दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून बांधा पण आवळू नका, मऊ आहे, आवळलं की डोकं लंबगोल येतं. प्लॅटिनम जातीचं असेल तर गंधक असलेल्या क्लेवर ते कडकच होत नाही, चिकट राहतं, क्ले घेतानाच बिनगंधकाची घ्या.

वर्षाला शेकड्यांनी ओतणार असाल तर ॲल्युमिनियमच. आधी दोन पट्ट्या एकत्र धरून पिनांची भोकं पाडायची, पिना बसवायच्या, आणि मगच पोकळी कोरायची, उलट क्रमाने केलं तर दोन अर्धे जन्मात जुळत नाहीत. गोल डोक्याला गोल तोंडाचा कटर, खोली बरोबर त्रिज्येइतकी. ॲल्युमिनियम उष्णता भराभर ओढतं म्हणून साचा गरम होईपर्यंतचे पहिले पाच-सहा नग सुरकुतलेले येणारच, ते परत भांड्यात. सोपस्टोन मिळत असेल तर तोही विसरू नका, नखाने ओरखडा पडेल इतका मऊ, चाकूने कोरता येतो, गरमीला दाद देत नाही, माणसं हजारो वर्षं त्यात धातू ओततायत. त्यालाही आधी वाळवायचं मात्र. लाकडात दोन-चार नग निघतात, मग कोळसा. गाडीच्या बॉडी फिलरमध्येही करतात लोक, आकार छान धरतं, पण गरम झाल्यावर येणारा वास मला सहन होत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर प्लास्टरमध्येच वाट, रेघा आणि नरसाळं पक्कं करून घेतलं असतं आणि जमलेल्या नगावरून मग सिलिकॉन केलं असतं. सिलिकॉन महाग चूक आहे, प्लास्टर स्वस्त चूक.

शिशाच्या विषाबद्दल लोक धुराला घाबरतात आणि धुळीला घाबरत नाहीत, खरं तर घरच्या ओतकामात उलटं पाहिजे. चारशेच्या आसपास शिशाची वाफ फार थोडी होते, पण वर येणारी राखाडी मळी, कानस मारताना पडणारा चुरा, हाताला लागून तोंडात जाणारं शिसं, हे खरं. त्यामुळे उघड्या हवेत ओता, आच उगाच वाढवू नका, मळी झाकणाच्या डब्यात, कानस मारायची तर ओल्या कपड्यावर आणि भांड्यापासून लांब. मध्ये चहा-पाणी-तंबाखू काही नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको, ओतकामाचे कपडे वेगळे धुवायचे. भांडं लोखंडाचं, पळी लोखंडाची, आणि ती परत स्वयंपाकात कधीच नाही. सुती जाड कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. वितळलेल्या भांड्यात थंड शिशाचा तुकडा टाकायचा असेल तर आधी कडेला गरम करून, त्याच्या फटीत दव असतं.

छोट्या वजनांवर काही ठिकाणी बंदीही आहे, कारण पाणपक्षी ती गिळतात. इंग्लंडमध्ये १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं गेली, कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत १९९७ पासून ५० ग्रॅमच्या आतल्या शिशाच्या जिग चालत नाहीत. तुमच्या पाण्यावर काय नियम आहे ते बघा. बिस्मथ-कथील हा पर्याय त्याच साच्यात ओतता येतो, ५८ ला ४२ या प्रमाणात तो १३८ डिग्रीलाच वितळतो, सिलिकॉनचं आयुष्य वाढतं. हलका असतो म्हणून त्याच आकारात वजन साधारण पाऊण भरतं, आणि जरा ठिसूळ, दगडावर आपटला की तुकडा उडतो.

पुढच्या वेळी ओतल्यावर नग नीट बघा. अंगावर सुरकुत्या आणि गोल कडा असतील तर साचा किंवा शिसं थंड, पृष्ठभाग दाणेदार पांढरट असेल तर जास्त गरम, चकचकीत पण एकाच ठिकाणी खळगा असेल तर तिथली हवा अडलीये, त्या जागेवरून एक रेघ ओढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि तो तडा गेलेला साचा चिकटवून वापरायचा मोह होईल, नका करू, चिकटवलेल्या जागी गोंद जळून वायू होतो आणि तुम्ही परत तिथेच. मूळ नमुना शाबूत असेल, तो घ्या आणि नवीन पाट मांडा.